एका गाडीच्या गॅरेजात मॉडेल ए कूप: पारंपरिक हॉट रॉड बांधणीचा क्रम

अमेरिकेतल्या घरांना जोडलेलं एका गाडीचं गॅरेज साधारण १२ बाय २२ फूट असतं. मडगार्ड काढलेली फोर्ड मॉडेल ए कूप (दोन दारांची बंद गाडी) त्यात बसते आणि दोन्ही बाजूंना माणूस वाकून काम करेल एवढी जागाही उरते. अडचण येते ती गाडी सुटी केल्यावर. बॉडी, चॅसी, इंजिन आणि दोन एक्सल वेगवेगळे झाले की तीच गाडी तिप्पट जागा खाते. त्यामुळे छोट्या गॅरेजात कामाचा क्रम चुकला की काम बंद पडतं. अर्धवट सोडून विकायला काढलेल्या बहुतेक गाड्या कौशल्याअभावी अडलेल्या नसतात. आधी रंग, मग इंजिन आणि शेवटी ब्रेक अशा उलट्या क्रमाने त्या अडलेल्या असतात.

इथे धरलेली गाडी अशी: १९३०-३१ सालची मॉडेल ए कूप, टप ३ इंच कापलेला, मडगार्ड नाहीत, पुढे ४ इंच ड्रॉपचा आय-बीम एक्सल, आणि १९४६-४८ सालचं ५९एबी फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं सपाट हेडचं इंजिन. म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या सरोवरांच्या तळांवर पळणाऱ्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गाड्यांचा हा वारसा. तिथल्या शर्यतींसाठी एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली. वजन कमी करायचं, मोठ्या फोर्डचं इंजिन लहान फोर्डमध्ये घालायचं आणि जे भंगारात मिळेल ते वापरायचं, एवढंच त्या गाड्यांचं शास्त्र होतं. पारंपरिक हॉट रॉड म्हणजे त्याच काळातले भाग किंवा त्यांच्या हुबेहूब नकला वापरून बांधलेली गाडी.

हा लेख अमेरिकेत राहून हे काम करू पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलापासून वेगळे पडणारे बदल करू देत नाही, त्यामुळे अशी गाडी तिथे रस्त्यावर आणण्याचा विचार करू नये.

आधी कागद, मग गॅरेज

मॉडेल एचा नंबर चॅसीच्या डाव्या रेलच्या वरच्या बाजूला, काऊलजवळ (इंजिनकप्पा आणि दारं यांच्या मधला बॉडीचा भाग) ठोकलेला असतो आणि बऱ्याचदा बॉडीखाली झाकला जातो. पैसे देण्याआधी तो पाहा आणि टायटलवरच्या (मालकीच्या कागदावरच्या) नंबराशी ताडून घ्या. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत जुन्या गाड्यांची नोंदणी इंजिनच्या नंबरावर होत असे. ते इंजिन कधीच भंगारात गेलेलं असतं आणि कागदावर त्याचाच नंबर राहिलेला असतो. रेल नव्याने बनवून घेणार असाल तर राज्याच्या वाहन खात्याला आधी विचारा. गाडी तयार झाल्यावर विचारलं तर उत्तर महाग पडतं. मडगार्डांचंही तसंच आहे, काही राज्यांत ते सक्तीचे आहेत.

गॅरेजात गॅसवर चालणारा पाण्याचा बंब असेल तर त्याची कायम जळणारी ज्योत हा सगळ्यात मोठा धोका आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत सरकत जाते. जुनी टाकी घराबाहेरच रिकामी करा आणि सुटे भाग पेट्रोलने धुण्याचा मोह टाळा. दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की फॉसजीन नावाचा विषारी वायू तयार होतो. वेल्डिंगआधी पुसायला फक्त अ‍ॅसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या.

बॉडी छताला टांगू नका. घराच्या छताच्या कैच्या अशा वजनासाठी बनवलेल्या नसतात. २ इंची चौकोनी पाइपची, चार फिरत्या चाकांची गाडी बनवा. बॉडी तिच्यावर ठेवली की सकाळी अंगणात ढकलता येते आणि संध्याकाळी आत घेता येते. घडीची दोन टनी इंजिन क्रेन, पत्र्यासाठी ०.०२३ इंच आणि चॅसीसाठी ०.०३० इंच तार चालवणारं २४० व्होल्टचं मिग मशीन, ७५ टक्के अरगॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, साडेचार इंची दोन ग्राइंडर, ओळंबा, गुण्या आणि लांब पाणसळ, एवढ्यावर काम होतं.

पहिली खरेदी: टायर

हे विचित्र वाटेल, पण टायर आणि चाकं हातात आल्याशिवाय चॅसीवर एकही टाका मारू नये. गाडीची ठेवण, म्हणजे पुढून किती झुकलेली आणि मागून किती उचललेली, टायरच्या व्यासातून येते. मागे ७.५०-१६ आणि पुढे ५.००-१६ ही जुनी जोडी आहे. मागचा व्यास साधारण ३२ इंच, पुढचा २६-२७ इंच. दोन्ही बायस-प्लाय (आतले धागे तिरके असलेले), कारण रेडियलचा फुगीर गाल या गाडीला शोभत नाही. चाकं १९४० च्या फोर्डची १६ इंची पोलादी घ्या. त्यांच्या पाच बोल्टांचं वर्तुळ साडेपाच इंचांचं असतं. १९३५ ची तारांची चाकं सुंदर दिसतात, पण ती नंतरच्या हायड्रॉलिक ड्रमवर बसवताना मागे आधाराची कडी लागते. ती नसली तर चाकाचं मधलं केंद्र अधांतरी राहतं आणि नट आवळल्यावर तिथे चिरा पडतात.

टायर चाकांवर चढवा आणि मोकळी चॅसी लाकडी ठोकळ्यांवर ठेवून टायर बाजूला उभे करा. बॉडी वर ठेवा. मग गॅरेजाबाहेर, निदान ३० फूट लांब जाऊन पाहा. ठोकळे अर्ध्या अर्ध्या इंचाने बदलत राहा. मनाजोगी ठेवण सापडली की पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्याची जागा ओळंब्याने जमिनीवर उतरवून पक्क्या रंगाने खूण करा. मूळ व्हीलबेस १०३.५ इंच आहे. पुढचा प्रत्येक मोजमापाचा निर्णय याच खुणांवरून होतो.

चॅसी

मॉडेल एची रेल इंग्रजी सी आकाराची, उघडी आणि पातळ पोलादाची आहे. ती ४० अश्वशक्तीच्या चार सिलिंडर इंजिनासाठी बनली होती. शंभर अश्वशक्तीचं व्ही-८ तिला पिळतं, म्हणून आतली उघडी बाजू ३/१६ इंच जाडीच्या पट्टीने बंद करायची. यालाच बॉक्सिंग म्हणतात.

आधी रेल सरळ आहे का ते पाहा. इंजिनच्या मागे, काऊलखाली ती बहुधा वाकलेली असते. वाकलेल्या रेलला पट्टी मारली की वाक कायमचा पक्का होतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बघा, जॅक आणि साखळीने सरळ करा. दोन्ही कर्ण मोजा, फरक १/१६ इंचाच्या आत हवा. मग चॅसी जाड चौकोनी पाइपच्या सांगाड्याला शिकंज्यांनी घट्ट धरा.

पट्टी कडेच्या बरोबरीने न लावता १/८ इंच आत बसवा, म्हणजे वेल्ड कोपऱ्यात भरतो आणि ग्राइंडरने घासून पातळ होत नाही. दीड इंच वेल्ड, मग दुसऱ्या रेलच्या विरुद्ध टोकाला दीड इंच, अशा उड्या मारत जा. सलग ओढलेला वेल्ड थंड होताना आकसतो आणि रेल धनुष्यासारखी ओढतो. दर चार-पाच टाक्यांनंतर कर्ण पुन्हा मोजा. ब्रेकची नळी आणि बॉडीचे बोल्ट जिथे येणार तिथली भोकं पट्टी लावण्याआधीच पाडा. बंद पेटीत नट धरता येत नाही.

मागची चॅसी कापून वर उचलणं आणि बॉडी रेलवर खाली घसरवणं, म्हणजे चॅनलिंग, या दोन्ही गोष्टी पहिल्या गाडीत करू नका असं आमचं स्पष्ट मत आहे. टप कापल्यावर चॅनलिंगही केलं तर साडेपाच फुटी माणसाचंही डोकं टपाला लागतं.

पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग

ड्रॉप एक्सल म्हणजे मूळ घडीव आय-बीम भट्टीत तापवून टोकं वर ओढलेला एक्सल. सॅन दिएगोतले एड स्टुअर्ट यांच्या कामामुळे तो प्रसिद्ध झाला. चार इंचांचा ड्रॉप पुरतो.

एक्सलला मागे धरून ठेवणारा फोर्डचा विशबोन मध्ये एका गोळ्यावर टेकतो. तो व्ही-८ च्या तेलटाकीच्या आड येतो, म्हणून तो मध्ये कापून दोन्ही टोकं रेलवर आणतात. असं केल्यावर एका चाकाखाली दगड आला की एक्सलला पिळावंच लागतं. आय-बीम पिळतो. गोल नळीचा एक्सल पिळत नाही, आणि मग विशबोनची टोकं किंवा कंस तुटतात. म्हणून दुभंगलेल्या विशबोनसोबत आय-बीमच वापरा.

कॅस्टर, म्हणजे किंगपिन (ज्याभोवती चाक वळतं ती खीळ) मागे झुकल्याचा कोन, ५ ते ७ अंश. इथे होणारी नेहमीची चूक अशी की चॅसी सपाट ठेवून कंस वेल्ड केले जातात. नंतर गाडी पुढे झुकते आणि जेवढे अंश ती झुकते तेवढा कॅस्टर कमी होतो. मग ४० मैलांच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. किंगपिनवर कोनमापी लावा, गाडी तिच्या खऱ्या ठेवणीत, खऱ्या टायरांवर असू द्या, आणि तेव्हाच कंस टाके मारून धरा. टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडे झुकल्याचं माप, १/१६ ते १/८ इंच.

पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कड्या, म्हणजे शॅकल, वजन पडल्यावर ४५ अंशांत असाव्यात. जवळजवळ उभ्या असतील तर गाडी आडवी डुलते, आडव्या असतील तर पाटा काम करत नाही. पाट्यातली पानं कमी करायची असतील तर इंजिनचं पूर्ण वजन आल्यावर करा.

स्टिअरिंगला १९४८-५२ च्या फोर्ड एफ-१ ट्रकची पेटी चांगली. ती डाव्या रेलवर बसते आणि ड्रॅग लिंक, म्हणजे पेटीपासून चाकाकडे जाणारी दांडी, मागून पुढे जाते. चाक वर-खाली होताना एक्सल विशबोनच्या मागच्या टोकाभोवती कमान काढतो आणि ड्रॅग लिंक पिटमन आर्म, म्हणजे पेटीतून निघणाऱ्या हाताभोवती कमान काढते. ही दोन केंद्रं जवळ हवीत आणि ड्रॅग लिंक विशबोनला साधारण समांतर हवी. तसं नसेल तर प्रत्येक खड्ड्याला गाडी स्वतःहून वळते. स्टिअरिंगच्या कोणत्याही दांड्याला किंवा हाताला वेल्ड किंवा क्रोम करू नका. प्रत्येक बॉल जॉइंटला खाचांचा नट आणि कॉटर पिन हवीच.

ब्रेक

फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले. १९३९-४८ चे १२ इंची ड्रम या गाडीला पुरेसे आहेत. त्यांच्या प्रत्येक शूला खालची अँकर आणि वरचा कॅम अशा दोन जागी जुळवावं लागतं. अँकर जुळवली नाही तर गाडी एका बाजूला ओढते आणि लोक उगाच नळ्या बदलत बसतात. नवे शू ड्रमच्या गोलाईत घासून घ्या. जुने शू झाडू नका किंवा हवेने उडवू नका, त्यांत अ‍ॅसबेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

मास्टर सिलिंडर दुहेरी, एक इंच बोअरचा, जमिनीच्या पत्र्याखाली. तो चाकांच्या सिलिंडरांपेक्षा खाली येतो म्हणून ऑइल मागे ओघळतं आणि पेडल दर वेळी खोल जातं. प्रत्येक ड्रम सर्किटला १० पौंडांचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे नळीत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह, लावा. नळी ३/१६ इंची पोलादी किंवा निकेल-तांब्याची, टोकं दुहेरी फ्लेअरची. शुद्ध तांब्याची नळी थरथरीने तडकते.

इंजिन

फ्लॅटहेडमध्ये एक्झॉस्टचा जाळ ब्लॉकच्या पाण्याच्या खोल्यांमधून बाहेर पडतो आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच पोर्ट असतं. तापण्याची खोड तिथूनच येते. ती आणखी वाढते ती साठलेल्या गंजाने आणि कारखान्यातल्या ओतकामाच्या वाळूने. ब्लॉक उकळून झाला तरी पाण्याच्या भोकांतून वाकडी तार घालून खरवडत राहा. काही ब्लॉकांतून मूठ-मूठ माती निघते.

पहिला खर्च चिरा शोधण्याचा. व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडर यांच्या मधे चीर असेल तर ब्लॉक परत करा. मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने चिरा शोधण्याची चाचणी) आणि पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याशिवाय पिस्टनची ऑर्डर देऊ नका.

मूळ बोअर ३-३/१६ इंच आणि स्ट्रोक ३-३/४ इंच, म्हणजे २३९ घन इंच. १९४९-५३ च्या मर्क्युरीचा ४ इंच स्ट्रोकचा क्रँक त्याच्या जोडीच्या कनेक्टिंग रॉडसह बसवला की २५५. बोअर ३-५/१६ इंच केला की २७६. पहिल्या इंजिनाला २५५ वर थांबणं शहाणपणाचं, कारण भिंत जितकी जाड तितकं इंजिन थंड.

हेडचे स्टड थेट पाण्यात उतरतात. प्रत्येकाच्या आट्यांना सीलंट लावा, नाहीतर पाणी आट्यांतून वर झिरपतं. लोखंडी हेड ५० फूट-पौंड, अ‍ॅल्युमिनियम हेड ४० च्या आत, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. अ‍ॅल्युमिनियम हेड पुन्हा आवळायचं ते पूर्ण थंड असतानाच. फायरिंग ऑर्डर १-५-४-८-६-३-७-२.

दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर पुरतात. मेन जेट ०.०४५ पासून सुरू करा. इंधनाचा दाब अडीच ते तीन पौंडांच्या वर जाऊ देऊ नका. जास्त दाबाने सुई उचलली जाते, पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर वाहतं आणि आग लागते. पंप कोणताही असो, रेग्युलेटर आणि गेज हवेच.

गिअरपेटीचे दोन रस्ते आहेत. १९३९ ची तीन गिअरची पेटी टॉर्क ट्यूब (शाफ्ट आत बंद ठेवणारी नळी) आणि बॅन्जो एक्सल (फोर्डचा जुना मागचा एक्सल) यांच्यासह बसवली की गाडी अस्सल होते, पण १९४० च्या फोर्डचा व्हीलबेस ११२ इंच असल्याने ट्यूब आणि आतला शाफ्ट कापून आखूड करावा लागतो. ते काम लेथवाल्याचं आहे. दुसरा रस्ता म्हणजे शेवरले एस-१० ची पाच गिअरची टी-५ आणि उघडा शाफ्ट. काही टी-५ चा पहिला गिअर ४.०३ असतो. त्यामागे ३.७८ चं डिफरन्शियल लावलं तर पहिला गिअर चौक ओलांडेपर्यंतही टिकत नाही, तेव्हा ३.२५ च्या आसपासचं पाहा. उघड्या शाफ्टला गिअरपेटी आणि पिनियन यांचे कोन समान आणि विरुद्ध, एक ते तीन अंश ठेवा. फरक पडला की ५० मैलांच्या पुढे जमिनीचा पत्रा गुणगुणू लागतो.

बॉडी आणि टप

गंज ठरलेल्या जागी असतो: दारांचे खालचे चार इंच, काऊलचा तळ, डिकीची जमीन आणि बॉडीच्या खालच्या सबरेल. सबरेल बदलताना बॉडी चॅसीला बोल्ट केलेली आणि दारं लटकवलेली हवीत. बॉडी चाकांच्या गाडीवर ठेवून बदललेल्या सबरेलवर दारं कधीच जुळत नाहीत. दारांच्या फटी ३/१६ इंच एकसारख्या आल्या की एक इंची चौकोनी पाइपने आतून फुलीत आधार द्या, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, दोन्ही बाजूंना आडवेही.

मॉडेल एची पेट्रोल टाकी काऊलचाच भाग असते, चालकाच्या गुडघ्यांसमोर. ती काढणार असाल तर काऊलची ताकदही जाते. वरचा पत्रा तसाच ठेवून खालचा भाग कापा, आत आडवा पाइप वेल्ड करा आणि टाकी मागे न्या.

आता टप. मॉडेल एच्या टपाचा मधला भाग मुळातच कापडी असल्यामुळे मोठा पत्रा ताणावा लागत नाही, म्हणून पहिल्या कापणीसाठी ही चांगली गाडी आहे. खांबांवर कागदी टेपच्या दोन समांतर रेषा ३ इंच अंतराने लावा. जागा अशी निवडा जिथे खांब सरळ आणि एकाच जाडीचा आहे. बिजागरी, कुलूप आणि काचेची खाच यांपासून दूर राहा. दारामागच्या खांबाचा बाहेरचा पत्रा एका उंचीवर आणि आतला दोन इंच खाली कापा, म्हणजे दोन्ही वेल्ड एका रेषेत येत नाहीत. दारांच्या चौकटी आणि समोरच्या काचेची चौकट याच मापाने कापायच्या, पण टप बसल्यानंतर, आधी नाही.

टप खाली ठेवला की पुढचे खांब जुळतात आणि मागचे कोपरे जुळत नाहीत, कारण मागचा भाग वर निमुळता होतो. जोर लावून ओढू नका. खालच्या पत्र्याला उभ्या दोन-तीन चिरा देऊन कोपरे आत घ्या आणि एकमेकांवर येणारी पाचर कापून जोड वेल्ड करा. टाके इंचाच्या अंतराने, दर वेळी गाडीच्या दुसऱ्या बाजूला. हात टेकवता येईल इतका पत्रा थंड झाल्याशिवाय शेजारी दुसरा टाका नको. घाईने पत्र्याला लाटा पडतात आणि त्या पुट्टीखाली लपत नाहीत. पुट्टीचा थर १/८ इंचापेक्षा जाड लागत असेल तर हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) पुन्हा उचला.

काचा लॅमिनेटेड घ्या. टेम्पर्ड काच कापता येत नाही, कापायला गेलात तर तिचा चुरा होतो.

कच्ची जुळणी, मग सुटी गाडी

रंगाआधी अख्खी गाडी उघड्या पत्र्यात उभी करा: रेडिएटर आणि १९३२ ची ग्रिल शेल, पंखा आणि रेडिएटरमध्ये किमान एक इंच, पेडल, सीट, एक्झॉस्ट, दिव्यांचे कंस, हँडब्रेकच्या तारा, वायर जाण्याची भोकं. चालकाला बसवून त्याच्या डोळ्यांसमोर काचेची पट्टी येते का ते पाहा. जमल्यास इंजिन चालू करून गाडी अंगणात हलवा. टाके मारलेल्या जागी आता पूर्ण वेल्ड भरा. यानंतर रंगावर ग्राइंडर फिरवण्याची वेळ यायला नको.

मग सगळं सोडवा. चॅसी आणि एक्सल एपॉक्सी प्रायमरवर ब्रशने रंगवता येतात. बॉडीचा टू-के (दोन घटक मिसळून मारायचा) रंग घरच्या गॅरेजात मारू नका. त्यातले आयसोसायनेट साध्या मास्कमधून फुप्फुसात जातात आणि जोडून असलेल्या घरातही पोचतात. बॉडी चाकांच्या गाडीवर चढवून रंगशाळेत पाठवा, तेवढ्या दिवसांत चॅसी पूर्ण होते.

वायरिंग १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ करा. इंजिन, चॅसी आणि बॉडी या तिघांना वेगवेगळी जाड अर्थ पट्टी द्या. दिवे मंद जळण्याच्या दहापैकी नऊ तक्रारी अर्थच्या असतात.

पहिली सुरुवात

प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवत राहा, गेजवर ऑइलचा दाब दिसेपर्यंत. अग्निशामक हाताशी, गॅरेजचं दार उघडं, गाडीचं तोंड आत, एक्झॉस्ट बाहेर. नवा कॅम असेल तर इंजिन सुरू होताच २,००० फेऱ्यांवर २० मिनिटं ठेवा, आयडलवर नाही. पाणी २०० फॅरनहाइटच्या वर चढू लागलं तर बंद करा आणि आधी टायमिंग पाहा, कारण मागे पडलेलं टायमिंग रेडिएटरपेक्षा जास्त तापवतं. तीन वेळा गरम-थंड झाल्यावर हेड पुन्हा आवळा.

पहिल्या फेरीत आपल्याच गल्लीत, २० मैलांच्या आत, दर वळणानंतर ब्रेक. परत येऊन चारही ड्रमना हात लावा. एकच गरम असेल तर त्याचा शू घासतोय. ५० मैलांनी पाट्यांचे यू-बोल्ट, विशबोनचे कंस, चाकांचे नट आणि स्टिअरिंग पेटीचे बोल्ट आवळा, ऑइल बदला आणि जुनं ऑइल चुंबक लावलेल्या ताटलीत ओतून पाहा. ५०० मैलांनी हेच सगळं पुन्हा, आणि त्यासोबत चॅसीच्या प्रत्येक वेल्डवर टॉर्च धरून बारीक, गंजाच्या रंगाची रेघ शोधा.